नात्याचा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी

वर 'प्रिय' लिहायचं की नुसतं 'सप्रेम नमस्कार', यातच चहा गार झाला, म्हणून दोन्ही वगळलंय. तुझं तू समजून घे. आपलं बरंचसं तसंही समजून घेण्यावरच चाललेलं आहे.

आता पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आपण तुझ्या आईंच्या गोळ्या, पाण्याचा पंप आणि तुझा खोकला एवढं बोलून थांबतो, आणि आई समोरच्या खुर्चीत टीव्हीचा आवाज बंद करून कान देऊन बसलेल्या असतात. मेल लिहावी तर तुझ्या प्रयोगशाळेची मेल तुझ्याआधी तुझे विद्यार्थी वाचतात. नवऱ्याला काही खासगी सांगायचं तर कागदाशिवाय मार्ग उरलेला नाही. 'नवऱ्याला' लिहिताना हात अडखळला. पत्र त्याबद्दलच आहे.

वाहतूक संशोधन निधीचे अर्ज निघालेत. तीन वर्षांचा प्रकल्प, आणि या वेळची अट अशी की दोन विद्यापीठांनी मिळून अर्ज करायचा, दोन्हीकडे एकेक प्रमुख. मी आपलाच प्रश्न घेणार आहे. बसची वाट बघणारा माणूस नेमका कधी कंटाळतो आणि चालायला लागतो, तो. आपण शिकत असताना दवाखान्यासमोरच्या थांब्याजवळ भिंतीवर बसून माणसं बघायचो, तेव्हापासूनचा आहे तो. पुढे तू त्याचं गणित केलंस आणि मी माणसं बघत राहिले. गेल्या वर्षभरात मी आणि आमच्या खात्यातली धाकटी (नवी प्राध्यापिका, वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे धाकटीच म्हणतात) त्याच थांब्यावर पुन्हा जाऊन बसलो. एक गंमत दिसली. वाट बघणं सोडून निघालेली माणसं सरळ चालत नाहीत. जरा पुढे जातात, वळून बघतात, परत जरा पुढे जातात. त्यामुळे बस येते तेव्हा ती नेमकी दोन थांब्यांच्या मध्ये असतात. हात करतात, बस थांबत नाही. त्यांना आम्ही 'मधले' म्हणतो. आजवर त्यांना कुणी मोजलेलं नाही, कारण ते धड थांब्यावरही नसतात आणि धड चालणाऱ्यांतही नसतात. हसू नकोस. तुला काय सुचलं असेल ते मला कळतंय.

तर या मधल्यांचं गणित मांडायला तुझी पद्धत लागते, आणि ती दुसऱ्या कुणाकडे नाही. विभागप्रमुख म्हणाले, "सहअर्जदार म्हणून योग्य माणूस एकच आहे," आणि खिडकीबाहेर बघायला लागले. खात्यात सगळ्यांना आपल्याबद्दल माहीत आहे. म्हणजे आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं. म्हणजे काहीच नाही.

तुला मी मेलने रीतसर विचारलं, तू "हो, करू" असं रीतसर कळवलंस. ते वाचून मी दिवसभर उगाच खुशीत होते. मग अर्ज उघडला आणि सातव्या रकान्यापाशी घोडं अडलं. तिथे विचारलंय की दोन्ही प्रमुख अर्जदार पती-पत्नी किंवा जवळचे नातेवाईक आहेत का. हो किंवा नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की 'हो' असेल तर दोघांपैकी एकानेच राहायचं, दुसऱ्याचा प्रकल्पाशी कसलाही संबंध राहणार नाही.

म्हणजे बघ. 'नाही' म्हटलं तर तीन वर्षं दर महिन्याला बैठक, एकदा तू इकडे, एकदा मी तिकडे. 'हो' म्हटलं तर आपण नवरा-बायको, आणि एकमेकांचं तोंड बघायचं काही कारण नाही. हा अर्ज ज्याने कुणी बनवला त्याला एकदा भेटायला हवं.

संशोधन कक्षातल्या बाईंकडे गेले. त्या आपल्या टेबलावर डोकं खाली घालून कुठल्यातरी फायलीला दोरी बांधत होत्या.

"कागदोपत्री आहात ना?" त्यांनी विचारलं.

"आहोत."

"मग 'हो' करा."

"पण चार वर्षं वेगळे राहतोय."

"मग 'नाही' करा."

"पण घटस्फोट नाही झालेला."

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मला जेवायला जायचंय."

तुला मी विचारत नाहीये हं. नुसतं सांगतेय. तुझ्या बाजूच्या अर्जातही हा रकाना असेलच, तू तुझं भरशील.

आई बऱ्या आहेत. गुडघा कुरकुरतोय, पण माझ्यापेक्षा भरभर चालतात. खाली सही करताना पुन्हा तेच कोडं. 'तुझी' लिहावं तर सातवा रकाना आडवा येतो. नुसतीच सही करते.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

मी 'नाही' भरलं.

आधी हे सांगून मोकळी होते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. काल सगळा अर्ज पूर्ण झाला, एवढा एक रकाना रिकामा, आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. धाकटी शेजारी बसलेली. ती शहाणी आहे, स्क्रीनकडे न बघता चष्मा पुसत बसली. मी स्वतःला म्हटलं, हे काही लग्नाचं प्रमाणपत्र नाही, सरकारी कामाचा कागद आहे. एकत्र राहत नाही, एकत्र खात नाही, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला नाही. मग 'नाही' म्हणण्यात खोटं काय? आणि मला हे काम करायचंय. खरं सांगायचं तर मला हे काम तुझ्याबरोबर करायचंय. गेल्या चार वर्षांत एवढी एकच सबब मिळालीय, जिच्यात तुला महिन्याआड यावं लागेल आणि मला 'ये' म्हणावं लागणार नाही.

बटण दाबलं. घरी आले तर आई विचारतात, "चेहरा का असा?" मी म्हटलं, अर्ज भरला. "अर्ज भरून माणसाचा चेहरा असा होतो?" मी भाजी चिरायला घेतली.

तुझा निरोप आला, "गणिताचा भाग पाठवला, तुझ्या भागात बदल नाही." रकान्याबद्दल चकार शब्द नाही. तू काय भरलंस? असू दे. विचारत नाहीये.


बुधवार, १९ फेब्रुवारी

अर्ज परत आला. सातव्या रकान्यात दोन्ही अर्जदारांची उत्तरं जुळत नाहीत, कृपया दुरुस्ती करून पुन्हा पाठवावा.

तू 'हो' भरलंस.

सकाळपासून मी हे वाक्य उलटंपालटं करून बघतेय आणि माझं डोकं पार भंजाळलंय. तू 'हो' का भरलंस? एक शक्यता अशी की तुझ्या लेखी आपण अजून नवरा-बायको आहोत, आणि ते तुला या प्रकल्पापेक्षा मोठं वाटतं. हे खरं असेल तर मी 'नाही' भरून तुझ्या तोंडात मारलीय. दुसरी शक्यता अशी की दर महिन्याला माझं तोंड बघायची तुला इच्छा नाही, आणि अंग काढून घ्यायला यापेक्षा सभ्य वाट सापडली नसती. हे खरं असेल तर तू माझ्या तोंडात मारलीयस. दोन्ही पटतात. दुपारी एक पटते, चहा घेतला की दुसरी.

तुला निरोप पाठवला, अर्ज परत आलाय. तुझं उत्तर आलं, "तो रकाना नियमाप्रमाणे भरला होता." नियमाप्रमाणे. तुझी ही सवय मला कॉलेजपासून माहीत आहे. माणसाने जीव काढून विचारावं आणि तू नियम सांगावास. आणि मी काय जीव काढून विचारलं होतं? "अर्ज परत आलाय" एवढंच. आपण दोघंही एका माळेचे मणी आहोत.

शेवटी आईंना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण घरात दुसरं आहे कोण. त्या खुर्चीत गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं नक्की बिनसलं कशावरून? मला आजतागायत कळलेलं नाही."

"कशावरूनच नाही. तो म्हणाला, तिकडे नवी प्रयोगशाळा उभारायला एका वर्षासाठी बोलावलंय, जाऊ का. मी म्हटलं, तुला हवं तसं. वर्ष संपल्यावर म्हणाला, अजून राहा म्हणतायत. मी म्हटलं, तुला हवं तसं."

"आणि तुला काय हवं होतं?"

"त्याने जाऊ नये."

"असं म्हणालीस त्याला?"

"त्याला कळायला नको का?"

आईंनी तेलाची बाटली बंद केली. "कडाकडा भांडला असतात तर मी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. हे काय मिटवणार? इथे धरायलाच काही नाही."

"तुम्ही सांगा ना, मी काय भरू?"

"दवाखान्यात माझ्या कागदावर 'सून' म्हणून तुझं नाव लिहितात. तो माझ्या पोटचा आहे. एवढं मला ठाऊक आहे. तुमच्या दोघांमधलं तुम्ही बघा, मला त्या अर्जात गोवू नका."

एवढं बोलून त्या झोपायला गेल्या, आणि जाताना स्वयंपाकघरातला दिवा मालवून गेल्या. मी तिथेच बसलेली होते, तरी.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज जरा रागात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

आईंशी बोलल्यावर मी तीन-चार दिवस विचार केला. विचार कसला, घोळच. शेवटी ठरवलं, तू 'हो' म्हणालायस तर मी 'हो' म्हणणार. कारण तुझ्या मनात पहिली शक्यता असेल आणि मी दुसऱ्यांदा 'नाही' म्हटलं, तर ते मला आयुष्यभर पुरलं असतं. प्रकल्प गेला तर गेला. दवाखान्यासमोरच्या भिंतीवर मी एकटीने बसेन. मी जाऊन 'हो' केलं. तुला कळवलं नाही. म्हटलं, अर्ज पुढे सरकला की तुला आपोआप कळेल.

आज अर्ज पुन्हा परत. उत्तरं जुळत नाहीत.

कारण तू 'नाही' केलंस.

त्यावर तुझा निरोप: "तुला हे काम किती महत्त्वाचं आहे ते माहीत आहे. म्हणून बदललं." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. काम महत्त्वाचं आहे, ते तुला कुणी सांगितलं? मीच सांगितलं असेन. पण त्यातलं कुठलं काम, कशासाठी, हे कधी विचारलंस? मी दार उघडून आत यावं आणि त्याच वेळी तू दुसऱ्या दाराने मला शोधायला बाहेर पडावंस, अशातली गत. की शोधायला नाही, नुसताच बाहेर? बघ, परत सुरू झालं माझं.

संशोधन कक्षातल्या बाईंनी दोन्ही पानं माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. "मॅडम," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हा दोघांकडे फोन आहेत ना?"

एकच दुरुस्ती उरलीय. सात मार्चपर्यंत. त्यानंतर अर्ज बाद. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं, आणि आता मात्र खिडकीबाहेर न बघता म्हणाले, "तुमचं घरचं मला विचारायचं नाही, पण धाकटीची नोकरी पुढच्या वर्षी या प्रकल्पावरच टिकणार आहे, एवढं लक्षात असू द्या." ते माझ्या लक्षात होतंच. धाकटीने एका शब्दाने मला कधी सुचवलं नाही, म्हणून जास्तच होतं.

मला काही सुचत नाहीये. हे पत्र तुला मिळेल तोवर कदाचित तू पुन्हा काहीतरी बदलून बसलेला असशील.


गुरुवार, ६ मार्च

परवाचा फोन झाल्यावर तुला वाटलं असेल, आता ही काही लिहीत नाही.

तो फोन मी लावला नव्हता, आईंनी लावला. माझ्या हातात दिला आणि उठून आतल्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या फोनच्या वेळी समोर नव्हत्या. आपलं जे बोलणं झालं ते मी इथे लिहून ठेवते, कारण ते आठवून आठवून मला आधी हसू येतं आणि मग येत नाही.

मी विचारलं, "तू 'हो' का भरलंस?"

"खरं होतं म्हणून."

"मग 'नाही' का केलंस?"

"तुला ते हवं होतं म्हणून."

"मला ते हवंय असं तुला कुणी सांगितलं?"

"तूच. तू आधी 'नाही' भरलं होतंस."

तिकडून तुझा खोकला ऐकू आला. मी म्हटलं, "आता काय करायचं?" आणि तू म्हणालास, "तू म्हणशील तसं."

मी फोन ठेवला. तुझ्यावर आदळला नाही, नुसता ठेवला. आई बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता ताटं घेतली.

'खरं होतं म्हणून'. दोन दिवस या तीन शब्दांना धरून बसलेय. कुठलं खरं? कायद्याने खरं, की तुझ्या मनात खरं? फोनवर विचारायला हवं होतं, पण मी 'आता काय करायचं' विचारलं. माझंही हे असंच. नेमक्या वेळी मी भलताच प्रश्न विचारते.

तर आता मी काय केलंय ते ऐक. अर्जातून मी माझं नाव काढलं. आमच्या बाजूची प्रमुख धाकटी. दोन्ही विद्यापीठं राहिली, प्रश्न राहिला, मधले राहिले, तुझं गणित राहिलं, तिची नोकरी राहिली. फक्त मी नाही. नियमाप्रमाणे माझा प्रकल्पाशी कसलाही संबंध राहणार नाही. मी धाकटीला सांगितलं तेव्हा ती रडायला लागली आणि मीच तिची समजूत घालत बसले. ती गेल्यावर दार लावून मी रडले. एवढ्या वर्षांचा माझा प्रश्न मी दुसऱ्याच्या हातात दिलाय, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही. विभागप्रमुख म्हणाले, मोठ्या मनाने केलंत. मन मोठंबिठं काही नाही. त्या रकान्यात मला पुन्हा 'नाही' भरायचं नव्हतं, आणि तुझ्या उत्तराशी जुळवून 'हो'ही भरायचं नव्हतं. ते काय जुळवायचं उत्तर आहे?

गंमत अशी की एवढं होऊन माझा 'हो' कुठेच राहिला नाही. जुना अर्ज गेला. नव्या अर्जात सातव्या रकान्यापाशी धाकटी आली आणि तिने न थांबता 'नाही' केलं. तुझ्या आणि तिच्यात खरंच काही नातं नाही, तिला विचार कसला करायचा. मी शेजारी उभी होते. इतकं सोपं असतं ते, असं वाटलं.

म्हणून तो इथे लिहिते. हो. माझ्या बाजूने हो. तुझं काय आहे त्यावर ते अवलंबून नाही, आणि कायद्याने आहे म्हणूनही नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. तू परत यावंस असं दर वर्षी वाटत होतं. आत्ताही वाटतंय. मी हे कधी बोलले नाही, आणि तुला कळत नाही म्हणून तुझ्यावर रुसून बसले. आईंनी हे वाचलं तर म्हणतील, एवढं लिहायला तुला प्रकल्प लागला होय.

आता एक कामाचं. उद्या अर्ज जायचाय. बैठकांसाठी तू दर महिन्याआड इकडे येणार, म्हणून धाकटीने तुझ्यासाठी विद्यापीठाच्या विश्रामगृहात एक खोली धरलीय, प्रत्येक खेपेला दोन रात्री. आज दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. कागद पुढे केला आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ही खोली ठेवू की काढू?" तिने अगदी साधा प्रश्न विचारला होता. माझं पुन्हा सुरू झालं. ठेव म्हटलं तर तुला वाटेल, घरी नको म्हणतेय. काढ म्हटलं तर तुला वाटेल, अडकवतेय. मी तोंड उघडून काहीतरी सांगणारच होते. पण आवरलं. तिला म्हटलं, माझ्या मनाने सांगत नाही, त्याला विचारून सांगते.

पत्र उद्या सकाळच्या कुरिअरने तुझ्या हातात पडेल, अर्ज संध्याकाळपर्यंत जायचाय. नियम सांगू नकोस, आणि मला काय हवंय तेही विचारू नकोस, ते वर लिहिलंय. तुला काय हवंय ते सांग.

खोली ठेवू की काढू?